दगड कमी पडलाय रे

युरोप टूर करून बरीच वर्षं झाली पण फ्लॉरेन्स म्हटलं की मला अजून कराडचे एक फरशीवाले काकाच आठवतात. जुलै, ऊन मरणाचं, सदतीस माणसं, आणि बस शहराच्या आत येत नाही म्हणून नदीकाठी उतरून चालत जायचं. तिथे शहर दाखवायचं काम लायसन्सवाल्या लोकल गाइडचं, मी टूर मॅनेजर, फक्त डोकी मोजणार आणि गाइडबाईंचं इंग्रजी ज्यांना झेपत नाही त्यांच्या कानात हळूच मराठी सांगणार.

सिन्योरिया चौकात पोचल्यावर सगळी झुंबड मायकेलअँजेलोच्या डेव्हिड पुतळ्यापाशी. तो कॉपी आहे, खरा १८७३ मध्येच म्युझियममध्ये नेला, पण फोटोला काय फरक पडतो. बाजूलाच राजवाड्याच्या कोपऱ्यावर कारंज्यात नेपच्यून उभा, समुद्राचा देव. एवढा मोठा आणि पांढराफटक की तिथले लोक त्याला बियांकोने म्हणतात, आपल्याकडे असता तर गोरा धोंड्या म्हटलं असतं. तोंडवळा म्हणे तिथल्या ड्यूक कोसिमोचा. आमच्यातल्या कुणी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

सव्वाबाराला जमायचं ठरलेलं, छत्तीसच आले. काकू म्हणाल्या, "हे मघाशीच मागे राहिले." ड्रायव्हरचे फोनवर फोन. मी पळत गेलो तर काका कारंज्याच्या कठड्याला टेकून, हात पाठीमागे बांधून उभे, गिऱ्हाइकाच्या हॉलमध्ये लेव्हल बघतात ना तसे.

"काका, सगळे थांबलेत तुमच्यासाठी!"

वळलेच नाहीत. "याला दगड कमी पडलाय रे."

"काय?"

"अंगाने केवढा धिप्पाड गडी, आणि हात बघ, दोन्ही खाली, अंगालगत. समुद्राचा देव ना? मग एखादा तरी हात वर नको? ब्लॉकच अरुंद होता. आधी कुणीतरी कटिंग मारलंय."

मी गंमत म्हणून हे गाइडबाईंना सांगितलं तर त्यांनी गॉगलच काढला. म्हणाल्या, बरोब्बर आहे. काराराच्या खाणीतला तो ब्लॉक आधी बांदिनेल्ली नावाच्या शिल्पकाराला मिळालेला, त्याने तो आपल्या डिझाइनच्या मापाने छाटून घेतला, आणि दुसरा शिल्पकार चेल्लीनी याचं म्हणणं की त्याने दगडाची वाटच लावली. १५६० मध्ये बांदिनेल्ली वारला, मग चेल्लीनी, जांबोलोन्या असे सगळेच शिल्पकार त्या कामाच्या मागे लागले, मिळालं अम्मानातीला. आणि गावाने त्याच्यावर गाणं केलं, अम्मानातो अम्मानातो, एवढा छान मार्बल नासवलास!

हे मराठीत सांगितल्यावर काका एकदम तापले. "म्हणजे माप घेतलं त्याने आणि शिव्या याला? आमच्यात पण हेच. चौकट सुताराने चुकवायची आणि फरशी तिरकी म्हणून पैसे आमचे कापायचे."

त्यानंतर ते आणखी पाच मिनिटं हलले नाहीत, त्या वरच्या खांद्याकडे बघत राहिले, आणि मी पण फोन सायलेंटवर टाकून शेजारी उभा राहिलो, आयुष्यात पहिल्यांदाच. खरं सांगतो, दहा वेळा त्या पुतळ्यासमोर आलो असेन पण हात कुठे आहेत हे कधी बघितलं नव्हतं.

बसमध्ये सगळ्यांची बोलणी मी खाल्ली. डोकी मोजत मागे गेलो तर काकांनी हात धरला, "त्या कापणाऱ्याचं नाव काय म्हणालास?"

"बांदिनेल्ली."

"बांदिनेल्ली," ते काकूंकडे वळून म्हणाले, "लक्षात ठेव गं."