मोत्या आणि चिंगी, एकाच चित्रात

आमचा कुत्रा मोत्या माघात गेला. चिंगी मांजर त्याच्या आधी दोन वर्षं. दोघं आमच्या साताऱ्याच्या घरी एकाच ओसरीवर वाढले, एकाच पोत्यावर झोपले, पण दोघांचा मिळून एकही धड फोटो घरात नव्हता. एक दिवस भाकरी थापता थापता आई म्हणाली, "शाहू महाराजांनी खंड्याची माहुलीला समाधी बांधली. आपण आपल्या पोरांचं चित्र तरी काढू या की गं." संगम माहुलीची ती समाधी लहानपणापासून बघितलेली, वाघाच्या तोंडून महाराजांना वाचवणाऱ्या खंड्या कुत्र्याची गोष्टही आईकडूनच ऐकलेली. नाही म्हणणं शक्यच नव्हतं. मी शाळेत चित्रकला शिकवते, पण कॉम्प्युटरवर तोवर कधी रंगवलं नव्हतं.

फोटो गोळा करण्यातच तीन आठवडे गेले. माझ्या जुन्या मोबाइलमधले, शेजारच्या काकूंकडचे, भावाच्या लग्नाच्या फोटोत मांडवाच्या कोपऱ्यात सापडलेले. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो लहान होऊन येतो. मोठा करून बघितला तर डोळ्याच्या जागी नुसते चौकोन. म्हणून सगळ्यांना मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितले. फ्लॅशचे फोटो बाजूला ठेवले. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यात मागे उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे डोळा हिरवा-पिवळा पेटतो आणि खरा रंग कळतच नाही. अगदी तोंडाजवळ मोबाइल नेऊन काढलेलेही बाद केले, त्यात नाक भलतंच मोठं दिसतं.

रंगवायला क्रिता नावाचं चित्रकलेचं सॉफ्टवेअर घेतलं. ते फुकट मिळतं, माझ्या साध्या लॅपटॉपवर चाललं. सोबत एक छोटा पेन टॅब्लेट. छपाई १२ बाय १६ इंचाची करायची हे आधीच ठरवलं आणि चित्र ३६०० बाय ४८०० पिक्सेलचं घेतलं, म्हणजे इंचाला ३००. दोघांना वेगवेगळ्या लेयरवर ठेवलं, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारख्या थरांवर.

खरी अडचण उजेडाची होती. मोत्याच्या फोटोत ऊन डावीकडून, चिंगीच्या फोटोत खिडकीचा उजेड उजवीकडून. मी मोत्याचा फोटो आरशासारखा उलटा केला आणि दोन आठवडे रंगवत बसले. आईला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. "चांगलं आलंय गं. पण ह्यो आपला मोत्या नव्हं." मग स्क्रीनवर बोट ठेवलं. "कान बघ. डावा फाटलेला त्याचा. मी हळद भरली होती त्यात."

फोटो उलटला तेव्हा फाटका कान उजवीकडे गेला होता, आणि इतके दिवस रंगवूनही मला ते दिसलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. चिंगीलाही उलटता येईना, ती तिरंगी, तिच्या एकाच गालावर भगवा ठिपका. मग फोटो सरळ ठेवून मोत्यावरचा उजेडच बदलायचं ठरवलं. मोत्या काळा, म्हणून आजोबांची काळी घोंगडी खिडकीशी टांगली, उजेड उजवीकडून येईल अशी, आणि ती बघून रंग लावले. काळ्या अंगात निव्वळ काळा फार थोडा असतो. सावलीची बाजू निळसर, उजेडाची तांबूस. केस एकेक काढत बसायचं नाही. डोळे किलकिले करून आधी मोठे उजेड-अंधार मांडायचे, मग केसांच्या वाढीच्या दिशेने थोडे फटकारे. नाकाडावर आखूड, मानेवर लांब.

चिंगीच्या डोळ्यातली बाहुली फोटोत मोठी, गोल होती. लख्ख उन्हात ती उभी फट होते, म्हणजे ऊन दाखवलं असतं तर तिचे डोळेच बदलावे लागले असते. म्हणून वेळ संध्याकाळची केली. तसेही दोघं दिवेलागणीलाच ओसरीवर येऊन बसायचे. डोळ्यातली चमक दोघांच्याही एकाच बाजूला ठेवली. तो पांढरा ठिपका टेकवला आणि मोत्या माझ्याकडे बघायला लागला. त्यानंतर मला थोडा वेळ लॅपटॉप बंद ठेवावा लागला.

कॅनव्हासच्या कापडावरचा पहिला प्रिंट फार गडद आला. स्क्रीन मागून उजळते, कापड नाही. मोत्याची मान सगळी एक डाग झाली होती. फाइलची प्रत काढून ती उजळ केली, आधी फक्त दोन चेहऱ्यांची पट्टी छापून आणली, तिच्यावर समाधान झाल्यावरच पूर्ण चित्र मॅट, म्हणजे न चमकणाऱ्या, कॅनव्हासवर छापून घेतलं.

आईला फाइल पुन्हा दाखवली नव्हती, एकदम फ्रेमच आणली. तिने आधी कान बघितला. मग चिंगीचा गाल. मी खिळा ठोकायला स्टुलावर चढले, आजोबांच्या फोटोशेजारी.

"वर कशाला?" आई म्हणाली. "खाली लाव. ती दोघं एवढ्यावरच असायची." आणि तिने ओसरीच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर हात टेकवला.