सायव्ह: सहा अक्षरांतलं गोड नाव

लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला वर्गातल्या सगळ्या मुलांना बोलवायचं ठरलं. शाळेतून नावांची यादी आली, मी पाकिटांवर एकेक नाव उतरवत गेले आणि एका नावाशी पेन थांबलं. एस, ए, डी, एच, बी, एच. साधभ? सद्भ? लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, "अगं आई, ती सायव्ह!"

सायव्ह. सहा अक्षरांत 'व्ह'चा मागमूस नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी सायव्हची आजी भेटली. तिला सगळे 'मामो' म्हणतात. इथे आयर्लंडच्या पश्चिमेला आजीला हाच शब्द आहे. ती कॉनेमाऱ्याची, घरात आयरिश बोलत वाढलेली. मी जरा संकोचूनच विचारलं. ती म्हणाली, "गॉलवेच्या वेशीवरची पाटी रोज बघतेस ना?" त्या पाटीवर खाली इंग्रजीत गॉलवे आणि वर तिरप्या अक्षरांत गावाचं आयरिश नाव असतं. त्याच्या शेवटी एम आणि एच, पण म्हणायचं 'गॅलिव्ह'. बी आणि एच एकत्र आले तरी तसाच 'व्ह'. आणि मधला डी-एच आधीच्या स्वरात विरघळून 'आय' होतो.

मग तिने माझ्या हातातलं पाकीट घेतलं, उलटं केलं आणि जुन्या आयरिश लिपीत तेच नाव लिहिलं. फक्त चार अक्षरं, आणि शेवटच्या दोन अक्षरांच्या डोक्यावर एकेक टिंब. ती शाळेत असंच लिहायला शिकली होती. टिंब दिलं की अक्षर मऊ होतं. या मऊ करण्याला आयरिशमध्ये 'शेवू' म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती लिपी मागे पडली, छपाई साध्या रोमन अक्षरांत होऊ लागली आणि प्रत्येक टिंबाच्या जागी 'एच' येऊन बसला. नाव तेच राहिलं, दिसायला मात्र अवघड झालं. मला माझी आजी आठवली. ती शेवटपर्यंत 'नांव' असंच लिहायची, डोक्यावर टिंब देऊन. आपले ते न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२च्या लेखननियमांनी गेले.

या नावाचा अर्थ कळला तेव्हा तर मी अक्षरशः हरखले. सायव्ह म्हणजे गोड, मधुर. भाषेचे अभ्यासक ते ज्या प्राचीन मुळाशी नेऊन जोडतात, त्याच मुळातून संस्कृतचा 'स्वादु' आला आहे. म्हणजे आपला 'स्वाद' आणि ही सहा अक्षरं एकाच घरातली! इथलं 'मेव्ह' हे नावही तसंच. इथल्या पश्चिमेकडच्या कॉनॉक्ट प्रांताच्या पुराणप्रसिद्ध राणीचं ते नाव, अर्थ 'धुंदी आणणारी', आणि नातं थेट आपल्या 'मधु'शी.

सायव्हची पुराणकथा मामोनेच सांगितली, फाटकाशी उभ्या उभ्या. एका काळ्या जादूगाराला नकार दिला म्हणून त्याने तिची हरिणी केली. वीर फिन मक्कूल शिकारीला गेला असताना त्याच्या दोन कुत्र्यांनी तिला इजा न करता तिच्याभोवती खेळायला सुरुवात केली. फिन तिला आपल्या गडावर घेऊन आला; तिथे पाऊल टाकताच ती पुन्हा बाई झाली आणि दोघांचं लग्न झालं. पण फिन लढाईला गेल्यावर जादूगार फिनचंच रूप घेऊन आला, ती धावत गडाबाहेर गेली आणि कायमची हरवली. सात वर्षांनी फिनला स्लायगोच्या बेनबुल्बन डोंगरावर एक मुलगा सापडला. त्याचं नाव ओशीन, म्हणजे हरणाचं पाडस. आमच्या लेकीच्या वर्गात दोन ओशीन आहेत.

मध्ययुगात सायव्ह हे इथे अगदी घरोघरचं नाव होतं. पुढे इंग्रजीचा अंमल वाढला तशा कागदोपत्री त्याच सायव्हच्या सॅली, सबीना, सोफिया झाल्या. अर्थाचा काही संबंध नाही, फक्त साहेबाला लिहिता यावं म्हणून. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. हल्ली काहीजण उच्चाराप्रमाणे एस-आय-व्ही-ई असंही लिहितात. १९५९च्या एका गाजलेल्या नाटकाची नायिकाही तशीच लिहिली जाते. पण मामोला ते पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. माझं नाव ऋजुता. रोमन लिपीत 'ऋ' नाहीच, त्यामुळे कुठे मी 'रु' असते, कुठे 'रि', आणि आपल्याकडे तर निम्मे लोक ऋतुजाच म्हणतात. अक्षर गेलं की काय जातं, ते मला कळतं.

एक गंमत राहिलीच. वाढदिवसाच्या दिवशी सायव्हचे बाबा तिला न्यायला आले आणि दारातून हाक मारली, "अ हायव्ह!" मला वाटलं, हे तिचं लाडाचं नाव. पण नाही. ती संबोधनाची विभक्ती. आपण सीतेला हाक मारताना 'सीते' म्हणतो, शेवट बदलतो. इथे नावाची सुरुवातच मऊ होते, 'स'चा 'ह' होतो.

यंदाच्या आमंत्रणाच्या वेळी यादी बघावी लागली नाही. पाकिटावर मी ती चार अक्षरं काढली आणि शेवटच्या दोघांवर टिंबं दिली. आमंत्रण सायव्हने नेलं. पाकीट मामोने मागून घेतलं.