आडात पडलेली कांडी

रविवार, रात्री साडेदहा

आईला आज नाटकाला नेलं. गुडघे दुखतात, ऊन फार आहे, अशी नको-नको चालली होती तिची. "पोरांच्या खेळात म्हातारीचं काय काम?" म्हणाली. मी म्हटलं, अगं, नाटकाचं नावच 'ढगातली म्हातारी' आहे. मग उठली, लुगडं बदलून आली.

बेळगावच्या वडगावात एका जुन्या वाड्याच्या अंगणात खेळ होता. उन्हाळी शिबिरातली पंधरा-सोळा मुलं, बहुतेक आसपासच्या विणकरांच्या घरची, काही मराठी शाळेतली, काही कन्नड. गोष्ट जर्मनीतली, फ्राउ होलेची, म्हणजे होलेबाईची. लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहाच्या 1812 सालच्या पहिल्या खंडात ती आहे. विल्हेल्म ग्रिमला ती सांगितली कासेल शहरातल्या शेजारच्या औषधवाल्याच्या मुलीनं, डोर्टशेन विल्डनं. पुढं 1825 मध्ये दोघांचं लग्न झालं. हे मला फार आवडतं. गोष्ट ऐकायला गेलेला माणूस गोष्ट सांगणारीचाच झाला.

मूळ गोष्टीत सावत्र आई मुलीला विहिरीकाठी बसवून बोटांतून रक्त येईपर्यंत सूत कातायला लावते. रक्तानं माखलेली चाती धुताना पाण्यात पडते, आणि आई म्हणते, जा, तूच काढून आण. इथल्या मुलांनी चातीची कांडी केली. मागावरच्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. ती भरायचं काम वडगाव-शहापुरातल्या कितीतरी घरांत पोरीबाळींनीच केलं आहे. अंगणात खराखुरा रहाट मांडला होता. दहा-अकरा वर्षांची मुलगी तो फिरवत होती, आणि तिच्या मुठीतून लाल सूत निघायला लागलं. हळूहळू, वितीवितीनं, थेट आमच्या पायापर्यंत. सगळं अंगण चिडीचूप. मी आईकडं बघितलं. ती स्वतःची बोटं अंगठ्यानं चाचपत होती.

मग विहीर. चार मुलांनी एक जुनं निळं इरकली लुगडं चार टोकांना धरलं होतं. मुलीनं उडी घेतली आणि मुलं ते लुगडं घेऊन आमच्यावरूनच पळत गेली. क्षणभर आम्ही सगळे पाण्याखाली. वर निळा उजेड हलत होता. लुगडं पलीकडं गेलं तेव्हा आम्हीही तिच्याबरोबर त्या दुसऱ्या मुलखात पोचलो होतो.

तिथं भट्टीतले पाव ओरडतात, आम्हाला बाहेर काढ, कधीचे भाजून झालोय. तपकिरी घोंगडीखाली तीन पोरं फुगून बसली होती. एक मराठीतून हाका मारत होता, दुसरा "होरग तगी, होरग तगी!" म्हणत होता. कुणालाच अर्थ सांगावा लागला नाही. सफरचंदाच्या झाडाचा प्रसंग मात्र घाईत उरकला.

फ्राउ होले आली ती खोबऱ्याच्या फाकींचे दात लावून. मूळ गोष्टीतही तिचे दात मोठे आहेत, मुलगी आधी घाबरते. म्हातारीचं म्हणणं एकच, माझी गादी रोज नीट झटक, पिसं उडाली पाहिजेत, म्हणजे जगात बर्फ पडतो. जर्मनीच्या हेसन भागात अजून बर्फ पडला की म्हणतात, होलेबाई गादी झटकतेय.

पण आमच्याकडं बर्फ कुठला? वळवाच्या गारा पडतात तेवढ्याच. शिबिर घेणाऱ्या मुलीनं नंतर सांगितलं, हाच प्रश्न तिनं मुलांना विचारला होता. एक लहानगी म्हणाली, म्हातारीच्या गादीत म्हातारीच असणार की! मग महिनाभर मुलांनी शेतांच्या बांधावरून रुईची वाळून उकललेली बोंडं गोळा केली. रुईचा चीक डोळ्यांना वाईट, म्हणून हिरव्या बोंडाला हात लावायचा नाही, असा नियम होता. आज मुलीनं उशीचा अभ्रा उलटा करून झटकला, खालून पंखा सुरू झाला, आणि शेकडो म्हाताऱ्या अंगणभर तरंगायला लागल्या. मागं बसलेली मोठी माणसंही हात वर करून झेलत होती. मीसुद्धा. लहानपणी फुंकर मारून उडवलेली म्हातारी आणि परदेशातली ती ढगांची मालकीण, दोघी एकच असतील असं मला कधी सुचलं नसतं. त्या लहानगीला सुचलं.

शेवटी कामसू मुलीवर सोन्याचा पाऊस पडतो. इथं जरीचे तुकडे पडले. कोंबडा "कोक्कोक्को" करून आरवला, कन्नडमध्ये. मागाहून तिथं गेलेल्या आळशी सावत्र बहिणीवर डांबर ओततात, ते जन्मभर निघत नाही. मुलांनी तिला काळ्या सुतात गुरफटवलं, आणि मग पहिली मुलगी तिच्याजवळ बसून तो गुंता सोडवायला लागली. दिवा गेला तरी सोडवतच होती. मूळ गोष्ट मोडली म्हणून कुणी कुरकुरलं तर कुरकुरू दे. सुताचा गुंता कापून टाकायचा नसतो, हे विणकरांच्या पोरांना घरातच शिकायला मिळतं. त्यांनी तेच केलं. मला ते मनापासून पटलं.

रिक्षात आई गप्पच होती. जेवताना एकदम म्हणाली, "ती कांडी गावली काय गं शेवटाला?"

मी घास तसाच धरून बसले. नाटकात कांडी परत दाखवलीच नव्हती. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. पण मूळ गोष्टीत दारातून निघताना फ्राउ होले पाण्यात पडलेली चाती मुलीच्या हातात परत देते. ते आईला सांगितलं.

"तिनंच दिली? आपणहून?"

"होय."

आई जरा वेळानं म्हणाली, "माझी जरीची होती. शेजारच्या आडात पडली. दहा वर्षांची असेन. गळ टाकला, कुणाची तरी जुनी कळशी गावली. कांडी नाही."

इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकलं. पुढं काय झालं, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ताट उचलताना मात्र म्हणाली, "त्या पोरीला सांग, पुढच्या खेळात कांडी परत द्यायला लाव."

उद्या सकाळी फोन करायचा.