खाण बंद झाल्यावर लोक गेले कुठं?

परवा बाबांशी व्हिडिओ कॉल चालू होता आणि मी खिडकीतून त्यांना समोरचा डोंगर दाखवत होते. हिरवागार, वर मेंढ्या चरतायत, मधेमधे नेचे वाळून तांबडे झालेत. बाबा दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, बेटा हा मागचा डोंगर आहे, पण त्याच्या पुढचा तो उंचवटा डोंगर नाही, खाणीतून निघालेल्या दगडमातीचा ढिगारा आहे तो. बघितल्याबरोबर ओळखलं त्यांनी. माथा सपाट, उतार एकसारखा, डोंगर असा नसतो म्हणे. चंद्रपूर जिल्ह्यात वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) अंडरग्राउंड खाणीत 34 वर्षं काढलेला माणूस, त्यांना गवत काय फसवणार. मग त्यांनी विचारलं, अन् खाण बंद झाल्यावर हे सारे लोक गेले कुठं?

बाबांची स्वतःची खाण चार वर्षांपूर्वी बंद झाली. त्यामुळे प्रश्न सहज विचारलेला नव्हता हे मला कळलं. फोनवर धड उत्तर देता आलं नाही म्हणून इथे लिहितेय.

मी राहते ते गाव ट्रिऑर्की, ब्रिटनमधल्या साउथ वेल्समधलं, रॉन्दा खोऱ्यात. नकाशात डबल डी लिहितात पण तोंडाने रॉन्दाच म्हणायचं. कार्डिफहून ट्रेनने तासभर. दोन्ही बाजूंनी डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरांच्या रांगा, एकाला एक चिकटून, मैलच्या मैल, कुठं एक गाव संपलं आणि दुसरं सुरू झालं ते पाटी बघितल्याशिवाय कळत नाही. सगळी घरं कोळशासाठी बांधलेली. 1913 साली साउथ वेल्समधून साडेपाच कोटी टनांहून जास्त कोळसा निघाला, आणि पुढे 1920 च्या सुमाराला इथल्या खाणींत अडीच लाखांवर माणसं होती. आज या खोऱ्यात एकही खाण नाही. शेवटची मार्डीची, डोंगरापलीकडे, ती डिसेंबर 1990 मध्ये गेली.

माझ्या शेजारी एक आजोबा राहतात (मी मनात त्यांना आजोबाच म्हणते, तोंडावर नावाने हाक मारावी लागते आणि अजून जीभ अडखळते). 15 व्या वर्षी खाणीत उतरले ते मार्डी बंद होईपर्यंत. त्यांच्या चुलीवरच्या फळीवर एक पितळी बिल्ला आहे, नंबर कोरलेला. खाली जाताना बिल्ला देऊन दिवा घ्यायचा, वर आल्यावर दिवा देऊन बिल्ला परत. पाळी संपली आणि एखाद्याचा बिल्ला तिथेच राहिला, म्हणजे तो माणूस अजून खाली आहे. मी तो हातात घेतला आणि मला आमच्या क्वार्टरमधली खुंटी आठवली, बाबांचा बिल्ला तिथेच असायचा, आणि रात्रपाळीला आई झोपायच्या आधी तिकडे एकदा बघायची. सात हजार किलोमीटरवर तीच गोष्ट तीच भीती.

मी नर्स आहे, घरोघरी जाऊन बघायचं काम. इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या छातीबद्दल बोलताना कुणी रोगाचं लांबलचक नाव घेत नाही, 'त्याला डस्ट आहे' एवढंच, म्हणजे फुप्फुसात कोळशाची धूळ. आणि टक्क्यांत. फुप्फुसं किती गेली ते डॉक्टरांचं बोर्ड टक्क्यांत ठरवायचं आणि त्यावर पैसे मिळायचे, त्यामुळे माझे वडील पन्नास टक्के डस्ट होते, असं मुली अजून सांगतात, दुसरा कुणी वडिलांची उंची सांगेल तसं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गाडीत बसून रडू आलं होतं, कारण बाबांचा तो पहाटेचा खोकला.

पण मला मुख्य सांगायचंय ते वेगळंच. आमच्या गावात मधोमध एक भलीमोठी दगडी इमारत आहे, पार्क अँड डेअर. पार्क आणि डेअर या दोन इथल्याच खाणींची नावं. त्या खाणींतल्या कामगारांनी पगाराच्या पौंडामागे एक पेनी देऊन ती उभी केली. आधी 1892 ला वाचनालय वगैरे, मग 1913 ला थिएटर. मालकाने नाही सरकारने नाही, यांनी. दिवसभर अंधारात गुडघ्यावर बसून कोळसा फोडायचा आणि संध्याकाळी आंघोळ करून पुस्तक वाचायला यायचं. आजही तिथे नाटकं होतात, सिनेमा लागतो. अशा इमारती खोऱ्याखोऱ्यांत होत्या, बऱ्याच पडल्या, काहींचे फ्लॅट झाले, त्याचं मला फार वाईट वाटतं.

औषधपाण्याचंही तसंच. ट्रेडेगर नावाच्या गावात कामगार पगारातून वर्गणी काढायचे आणि त्यातून सगळ्या गावाला डॉक्टर मिळायचा. त्याच गावचा अनायरिन बेव्हन, पोरवयात खाणीत गेलेला, पुढे आरोग्यमंत्री झाला आणि 5 जुलै 1948 ला एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली. माझा पगार जिथून येतो त्याची मुळं एका कोळशाच्या गावात आहेत हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे कुणीतरी शिकवायला हवं होतं.

आणि गाणं! ट्रिऑर्कीचा पुरुषांचा कॉयर, म्हणजे एकत्र गाणाऱ्यांचा वृंद, जगभर गाजलेला. पॉल रोबसन या अमेरिकन गायकाचा पासपोर्ट अमेरिकेने काढून घेतला होता तेव्हा 1957 साली खाणकामगारांनी त्याला अटलांटिकच्या तळातल्या टेलिफोन केबलवरून गायला लावलं, तो न्यूयॉर्कमध्ये आणि हे पोर्थकॉलच्या हॉलमध्ये, आणि इकडून ट्रिऑर्कीचा कॉयर गायला. आजोबा तेव्हा दहा वर्षांचे. घरी आठवडाभर दुसरा विषय नव्हता म्हणतात.

ॲबरव्हॅनला मी आल्यावर पहिल्याच वर्षी गेले. पलीकडच्या खोऱ्यात आहे. 21 ऑक्टोबर 1966, शुक्रवार, सुट्टी लागायच्या आधीचा शाळेचा शेवटचा दिवस. सव्वानऊला वरचा सात नंबरचा ढिगारा सुटला आणि चिखल होऊन शाळेवर आला. 144 माणसं गेली, त्यात 116 मुलं. ढिगारा चक्क झऱ्यावर रचला होता. गावाने आधी तक्रारी केल्या होत्या. खाणीतून बाप लोक धावत आले आणि फावड्यांनी, हातांनी उकरत राहिले. पुढे चौकशीत मृत्यूचं कारण वाचून दाखवताना एक बाप उठून म्हणाला की नाही साहेब, कोल बोर्डाने जिवंत पुरलं असं लिहा (कोल बोर्ड म्हणजे खाणी चालवणारी सरकारी संस्था). एकाही अधिकाऱ्यावर खटला झाला नाही, आणि उरलेले ढिगारे हलवायला लोकांनी दिलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड काढले. ते परत मिळाले 1997 ला, तेही व्याजाशिवाय. हे लिहितानाही माझे हात थरथरतात. वर टेकडीवर त्या पांढऱ्या कमानींच्या रांगा आहेत ना, तिथे मुलांची वयं वाचत जायचं आणि परत यायचं, बाकी काही बोलता येत नाही.

म्हणून इथे जोराचा पाऊस लागला की लोक खिडकीतून वर बघतात. फेब्रुवारी 2020 च्या वादळात टायलर्सटाऊनला ढिगारा सरकला, कुणाला लागलं नाही पण ॲबरव्हॅन आठवलं लोकांना. वेल्समध्ये असे अडीच हजारांवर जुने ढिगारे आहेत. बाबांनी बरोबर ओळखलेला तो त्यांतलाच एक.

आता बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. 1984 च्या मार्चपासून वर्षभर संप चालला, खाणी बंद करू नका म्हणून. मार्डीत एकही माणूस संप मोडून कामावर गेला नाही, एकही नाही. आजोबांच्या बायको (आता नाहीत त्या) इतर बायकांबरोबर हॉलमध्ये रोज शेकडो लोकांचा स्वयंपाक करायच्या. मार्च 1985 ला हरून कामावर परत गेले ते बँड वाजवत. सहा वर्षांच्या आत खाण गेलीच. त्यानंतर आजोबांनी फॅक्टरीत काम केलं, शाळेत शिपायाचं केलं, मधे दोन वर्षं काहीच नव्हतं. ट्रिऑर्कीतली कपड्यांची फॅक्टरीही 2007 ला गेली, 300 जणांचं काम गेलं. शिकलेली पोरं कार्डिफला, त्याच्याही पुढे. काही जण दारूत गेले, काही नशेच्या गोळ्यांत, ते मी रोज बघते.

पण बहुतेक लोक कुठंच गेले नाहीत बाबा. इथेच आहेत. डोंगर ओलांडून गेलं की टॉवर कोलियरी, ती 1994 ला बंद केली तर 239 कामगारांनी काम गेल्यावर मिळालेल्या पैशातले आठ आठ हजार पौंड घालून विकत घेतली आणि 1995 पासून 2008 पर्यंत, कोळसा संपेपर्यंत, स्वतः चालवली. आज तिथे तारेवरून लटकून सूं करत खाली येतात पोरं. आजोबांना ते बघवत नाही. मला वाटतं चाललंय, निदान गाड्या तरी येतात वरपर्यंत, पण माझं तिथं काही पुरलेलं नाही म्हणून मला सोपं जातं हे म्हणायला.

इथे एक शब्द आहे, कुच. जिन्याखाली कोळसा ठेवायची अंधारी खोली म्हणजे कुच, आणि कुणाला घट्ट मिठी मारतात ती पण कुच. आमच्या घरातल्या त्या खोलीत आता मी तांदळाचं पोतं आणि मिरच्या ठेवते, भिंत अजून काळी आहे, दोनदा रंग दिला तरी.

आई-बाबा जूनमध्ये येतायत. आजोबा म्हणाले मी तुझ्या बाबांना बिग पिटला नेतो, 1980 ला बंद झालेली खाण, आता म्युझियम, पण खरंच खाणीच्या पिंजऱ्यातून (लिफ्टमधून) 90 मीटर खाली नेतात आणि नेणारे बरेचसे खाणीत काम केलेलेच. काडेपेटी, मोबाईल, बॅटरीचं घड्याळ सगळं वर काढून ठेवायचं. मी हे बाबांना सांगितलं तर ते एकदम सरसावून बसले, म्हणाले अन् बिल्ला? मी म्हटलं बाबा तुमचा आहे का अजून? तर उठून आतल्या खोलीत गेले शोधायला, फोन तसाच चालू ठेवून.