पंधरवड्याचं घड्याळ

स्मार्टवॉच घ्यायला गेलेला माणूस काय काय हवं ते सांगतो. मी दापोलीच्या दुकानात काय काय नको ते सांगत होतो. कॉलिंग नको, गाणी नकोत, मनगटावर नकाशा नको. दुकानातल्या पोराचा चेहरा उतरत चालला. "मग काका, हवंय तरी काय?" वेळ, तारीख, पावलं; आणि फोन माजघरात वाजत असताना मी वाडीत शिंपणं करत असलो, तर मनगटाला थोडी थरथर. बास.

यात कंजुषी नाही. मृगाचा वारा सुटला आणि माडाची एक झावळ तारांवर पडली की आमच्याकडे लाईट जाते. कधी तासाभराने येते, कधी परवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे धडकलं, तेव्हा दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत पुढचे अनेक दिवस अंधार होता. अशा वेळी इन्व्हर्टरपुढे घरचे मोबाईल, शेजाऱ्यांचे मोबाईल, विजेऱ्या अशी रांग लागते. त्या रांगेत रोज रात्री घड्याळ घेऊन कोण उभं राहणार? ॲपल वॉचची बॅटरी कंपनीच्याच हिशेबाने कितीतरी वर्षं १८ तासांची होती. वस्तू उत्तमच असेल, पण मुंबईला.

बॅटरी खातो तो मुख्यतः पडदा. अमोलेड जातीच्या पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो. दिसतो झकास, पण भर दुपारी हर्णैच्या बंदरात उन्हापुढे टिकायचं तर त्याला आणखी प्रखर व्हावं लागतं. ट्रान्सफ्लेक्टिव्ह पडद्याची तऱ्हा उलटी. तो बाहेरचाच उजेड परतवून आकडे दाखवतो, म्हणून ऊन जितकं कडक तितका तो स्पष्ट. मागचा दिवा लागतो तो अंधारातच. रंग जरा मळकट असतात, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तर अगदीच कळाहीन, त्यामुळे पोरं तो हातातही घेत नाहीत. २०१२ मध्ये 'पेबल' या घड्याळाच्या कंपनीने किकस्टार्टर या वर्गणी जमवायच्या वेबसाइटवर लोकांकडून १ कोटी डॉलरहून जास्त जमवले, ते असल्याच सदा चालू राहणाऱ्या काळ्यापांढऱ्या पडद्यावर आणि आठवडाभराच्या बॅटरीवर. २०१६ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला, तरी २०२५ मध्ये तिच्या संस्थापकाने त्याच धर्तीचं घड्याळ पुन्हा काढलं. 'अमेझफिट बिप' या घड्याळाचा दावा तर ४५ दिवसांचा होता, आणि त्याची बॅटरी २०० एमएएचचीसुद्धा (एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) नव्हती! काम कमी, म्हणून खाणं कमी.

उन्हावर चालणारंही मिळतं. गार्मिनच्या 'इन्स्टिंक्ट २ सोलर'ला रोज ३ तास ५०,००० लक्स उजेड मिळाला, तर साध्या वापरात बॅटरी संपतच नाही, असं कंपनी सांगते. आषाढात तीन तास ऊन कुठून आणायचं, ते मात्र सांगत नाही.

पाण्याचंही तसंच. घड्याळावरचं '५ एटीएम' म्हणजे ५० मीटर खोल स्थिर पाण्याइतका दाब सोसण्याची चाचणी, तीही गोड्या पाण्यातली. आमची हवाच खारी. घाम आणि खार मिळून मागच्या चार्जिंगच्या दोन पितळी टाचण्यांभोवती हिरवट पूड धरतात, आणि ओलं असताना चार्जिंग लावलं तर टाचण्या झिजतात. म्हणून आधी गोड्या पाण्याचा हात, मग कोरडं फडकं, मग चार्जर.

शेजारच्या तात्यांना यातलं काहीच पटलं नाही. मी आणलेलं घड्याळ त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "भरती कितीला, ते सांगतं का?" नाही सांगत. तात्या तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. चंद्रामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हा हिशेब चालतो. थोडा इकडेतिकडे होतो, पण त्याला चार्जर लागत नाही.

माझ्या घड्याळाची खरी अडचण चार्जरचीच आहे. पंधरवड्यातून एकदाच लागतो, म्हणून वेळेला सापडत नाही. वायर खास चुंबकाची, गावात दुसऱ्या कोणाकडे तसली नाही. शेवटी बायकोने ती कॅलेंडरच्या खिळ्याला टांगली आणि पौर्णिमा-अमावास्येला चार्ज करायचं ठरवून टाकलं. ते ऐकून तात्या म्हणाले, "उधाणाला वारा असतो, लाईटचा काय भरवसा? चतुर्दशीलाच करून घे."