झाडू दिला, शिडी दिली नाही

कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातल्या एका लहान विमानतळावर मी विमान-देखभाल अभियंता आहे. जानेवारीतल्या त्या सकाळी तापमान उणे २२ अंश होते आणि मी एका इंजिनाला गरम हवा देण्यात गुंतलो होतो. रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या चार आसनी विमानाच्या वैमानिकाने माझ्याकडे लांब दांड्याचा झाडू मागितला आणि मी तो दिला.

त्या विमानाचे पंख डोक्याच्या वर असतात, त्यामुळे जमिनीवरून त्यांचा वरचा पृष्ठभाग दिसत नाही. भुसभुशीत बर्फ झाडूने खाली आला, परंतु पत्र्याला घट्ट चिकटलेले दहिवर, म्हणजे गोठलेल्या दवाचा पातळ थर, तसेच राहिले. थंड, दाट हवेत इंजिन जोमाने चालते, म्हणून विमानाने धावपट्टीही लवकर सोडली. जमिनीलगत हवेचा रोध कमी असतो. ती सवलत साधारण वीस फुटांवर संपताच डावा पंख कलंडला आणि विमान कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन रुतले. विमानातले तिघेही आपल्या पायांनी बाहेर आले.

नंतर मी शिडीवर चढलो, हातमोजा काढला आणि पंखावरून तळवा फिरवला, तर तो काचपेपरसारखा खरखरीत लागला. एवढ्याशा खरखरीनेही पंखाची उचल ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि रोध ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. पंखाची उचल सुटण्याआधी सावध करणारा धोक्याचा भोंगा वाजलाच नाही, असे वैमानिक पुन्हा पुन्हा सांगत होता आणि माझा त्यावर विश्वास आहे, कारण तो भोंगा स्वच्छ पंखाच्या हिशेबाने लावलेला असतो आणि दहिवर धरलेला पंख त्याआधीच हवेवरची पकड सोडतो.

सहकाऱ्यांनी सगळा दोष वैमानिकावर टाकला, तो मला मान्य नाही. १० मार्च १९८९ रोजी ऑन्टारिओतील ड्रायडन येथे पंखांवर बर्फ असलेले प्रवासी विमान उड्डाण करताच कोसळून २४ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा न्यायमूर्ती मोशान्स्की यांच्या आयोगाने वैमानिकापाशी न थांबता सबंध व्यवस्थेची झडती घेतली होती. आमच्याकडे बर्फ वितळवणारे गरम द्रावण नाही आणि उबदार हँगरचे एका रात्रीचे भाडे लहान विमानाच्या मालकाला परवडत नाही.

शिडी मात्र होती. त्या सकाळी ती हँगरच्या दाराशी, मी झाडू उचलला त्याच कोपऱ्यात उभी होती.