तुम्ही विचारलंत म्हणून: शफल की आपोआप होणारी यादी?

घरी कोणी आलं आणि गाणी चालू असली, की थोड्या वेळाने हा प्रश्न येतोच. "एवढी गाणी स्वतः जमवली आहेत, मग लावता कशी? शफलवर टाकता, की ॲप आपोआप यादी करून देतं ती ऐकता?" उभ्याउभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं आणि नंतर मलाच चुटपुट लागते. म्हणून आता सविस्तर सांगते.

मी शफल लावते. पण शफलचं बटण रोज दाबत नाही. हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे.

माझ्या संग्रहात सुमारे 6000 गाणी आहेत. काही सीडीवरून उतरवलेली, काही कॅसेटवरून भरून घेतलेली, काही विकत घेऊन डाउनलोड केलेली, काही मैत्रिणींनी पेनड्राइव्हवर दिलेली. त्यातलं प्रत्येक गाणं कधी ना कधी मला हवंसं वाटलं, म्हणून तिथे आहे. जगातली सगळी गाणी समोर असतील तर कोणीतरी निवड करून द्यावीच लागते, त्याशिवाय ऐकणं शक्य नाही. माझ्या संग्रहात ती निवड आधीच झालेली आहे आणि ती मी केलेली आहे. आता उरतो तो पाळीचा प्रश्न. कोणाची पाळी कधी येणार, आणि सगळ्यांची येणार की नाही?

शफल म्हणजे पिसणं. पत्त्यांचा कॅट पिसून एकेक पान उघडत गेलो, तर उघडलेलं पान परत गठ्ठ्यात जात नाही. 52 पानं संपली की प्रत्येक पान एकदा आणि एकदाच आलेलं असतं. डब्यातून चिठ्ठी काढायची, वाचायची आणि परत डब्यात टाकायची, हा प्रकार वेगळा. त्यात एक चिठ्ठी चारदा येईल आणि एखादी कधीच यायची नाही. बहुतेक प्लेअर पहिल्या पद्धतीने चालतात, पण आपण ते दुसऱ्या पद्धतीने वापरतो. संध्याकाळी शफल दाबायचं, वीसेक गाणी ऐकायची, बंद करायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा शफल. म्हणजे वरची 20 पानं बघायची आणि कॅट पुन्हा पिसायचा. रोज मागचे पाढे पंचावन्न.

याचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला. रोज 20 गाणी धरली तर 6000 गाण्यांची एक फेरी 300 संध्याकाळींत पुरी व्हायला हवी. रोज नव्याने पिसलं तर एखादं गाणं आज न वाजण्याची शक्यता 300 पैकी 299. हा अपूर्णांक स्वतःशीच 300 वेळा गुणत गेलं की उत्तर येतं 0.37 च्या आसपास. म्हणजे त्याच 300 संध्याकाळींनंतर सुमारे 2200 गाणी एकदाही वाजलेली नसतात, आणि काही पाचपाचदा वाजून गेलेली असतात. तो आकडा बघून मी बराच वेळ नुसती बसून होते. 2200 गाणी! आणि मी समजत होते की शफल आहे, सगळ्यांना सारखी संधी मिळतेच आहे.

तेव्हापासून मी सगळा संग्रह एकदाच पिसते आणि जो क्रम लागेल तो प्लेलिस्ट म्हणून जपून ठेवते. रोज जिथे थांबले, तिथून पुढे. फेरी संपल्यावरच पुन्हा पिसायचं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगण्यासारखी माझ्याकडे एकच युक्ती आहे, ती ही.

आता ओघात आलंच आहे तर पिसण्याविषयी थोडं. नीट पिसायची रीत फिशर आणि येट्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी 1938 साली कागद-पेन्सिलीसाठी दिली होती. 1964 मध्ये रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी ती संगणकाला सोयीची करून मांडली. शेवटच्या जागेपासून सुरुवात करायची, त्या जागेवरच्या गाण्यासकट उरलेल्यांतलं कुठलंही एक उचलायचं आणि तिथे ठेवायचं. मग एक जागा अलीकडे यायचं. बस्स. पण "उरलेल्यांतलं" हा शब्द विसरला आणि प्रत्येक वेळी सगळ्यांतून उचललं, की पिसणं एका बाजूला झुकतं. तीनच गाणी घेऊन बघा: तशा चुकीच्या पिसण्याच्या वाटा होतात 27, आणि तीन गाण्यांचे क्रम असतात 6. 27 ला 6 ने भाग जात नाही, त्यामुळे सहाही क्रम सारख्याच वेळा येणं शक्यच नाही. एवढ्याशा भागाकारात अख्खी चूक दिसते, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

"पण शफल खरं रँडम नसतंच, एकाच गायकाची गाणी पाठोपाठ येतात," हे मला नेहमी ऐकवलं जातं. येतात, आणि पिसणं खरं असेल तर यायलाच हवीत. माझ्याकडे एका गायिकेची 400 गाणी आहेत. 6000 च्या पूर्ण फेरीत तिच्या एका गाण्यामागे लगेच तिचंच दुसरं गाणं येण्याच्या जागा सरासरी 27 च्या आसपास निघतात. कोणी काही बिघडवलेलं नसताना. आपल्या मनातलं "रँडम" मात्र वेगळं असतं. आपल्याला सगळं सारख्या अंतरावर पेरलेलं हवं असतं. अशा तक्रारी इतक्या झाल्या, की 2005 मध्ये ॲपलने आयट्यून्स या आपल्या गाणी लावायच्या प्रोग्रॅममध्ये स्मार्ट शफल नावाची सोय दिली. त्यात एकाच गायकाची गाणी लागोपाठ किती यावीत, हे ऐकणाऱ्याला कमीजास्त करता यायचं. स्पॉटिफाय या ऑनलाइन गाणी ऐकवणाऱ्या सेवेनेही 2014 मध्ये सांगितलं, की फिशर-येट्स पद्धत सोडून ते आता एका गायकाची गाणी यादीभर अंतर राखून पसरवतात, कारण लोकांना खरं पिसलेलं पिसल्यासारखं वाटत नव्हतं. मी मात्र ते पसरवणं बंद ठेवते. त्या गायिकेची तीन गाणी एका ओळीत आली, तर तेवढा वेळ तिचा.

काही गोष्टी पिसायच्या नाहीत, हेही आहे. माझ्याकडच्या काही ख्यालांच्या सीडीवर आधीचा संथ विलंबित आणि नंतरचा जलद द्रुत असे वेगळे ट्रॅक आहेत. एका संध्याकाळी शफलमध्ये आधी द्रुत आला आणि विलंबित चाळीस गाण्यांनंतर. द्रुत सुरू झाल्यावर दोनतीन मिनिटं मला कळेना की हे एवढं उपरं का वाटतंय. ज्या रागाचं घर अजून उभंच राहिलं नव्हतं, त्याच्या गच्चीवर जाऊन बसल्यासारखं. मग मी तसे सगळे ट्रॅक शोधून एकेका फाइलमध्ये जोडून घेतले. त्याला दोन आठवडे लागले. ज्या अल्बममध्ये गाण्यांचा क्रम विचार करून लावलेला असतो, तेही मी शफलमधून बाहेर ठेवते. नोव्हेंबर 2021 मध्ये अडेल या गायिकेच्या सांगण्यावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं शफलचं ठळक बटण काढलं, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं.

आता यादीकडे वळते. ती मी वापरून बघितलीच नाही असं नाही. चांगलं वर्षभर वापरली.

आपोआप याद्या मुख्यतः दोन वाटांनी होतात. पहिली वाट माणसांवरून जाते: तुमच्यासारखं ऐकणारे दुसरे कोण आहेत आणि ते आणखी काय ऐकतात. 1994 मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये रिंगो नावाची अशी एक व्यवस्था होती. लोक ईमेलने गायकांना गुण कळवायचे आणि त्यावरून त्यांना नवी नावं सुचवली जायची. 2008 मध्ये आयट्यून्समध्ये आलेलं जीनियस साधारण याच विचाराने, पण तुमच्या स्वतःच्या संग्रहातली गाणी घेऊन यादी करायचं. दुसरी वाट आवाजावरून जाते: लय किती, सूर खालचे की वरचे, वाद्याचा पोत कसा, हे फाइलमधूनच मोजायचं आणि जवळजवळची गाणी एकत्र आणायची. आजच्या बऱ्याच सेवा दोन्ही वाटा मिसळतात.

दुसऱ्या वाटेने मला एकदा जे दिलं ते मी विसरणार नाही. चेलोची एक संथ रचना संपली आणि यादीने पुढे रुद्रवीणेची आलापी लावली. चेलोचा शेवटचा खर्जातला सूर विरत होता आणि तिकडे वीणेची तार छेडली गेली. क्षणभर वाटलं की तोच वादक वाद्य बदलून बसला. माझ्या हार्ड डिस्कवर ही दोन फोल्डरं दोन टोकांना आहेत. इतक्या वर्षांत मी स्वतः ती कधी एकापुढे एक लावली नसती. शफलनेही ती जोडी लावली असती, पण 6000 गाण्यांत त्या एका गाण्यामागे नेमकं ते दुसरं येण्यासाठी मला अनेक जन्म थांबावं लागलं असतं. यंत्राने ते कानावरून ओळखलं, असं म्हणायचा मोह होतो. कान नाही, मोजमाप आहे. पण मोजमापाने बरोबर जागी बोट ठेवलं होतं, हे मान्य करायलाच हवं.

मग झालं असं, की ती जोडी मी पुन्हा ऐकली. पुन्हा पुन्हा ऐकली. यादीने ते टिपलं. पुढच्या आठवड्यात संथ, खर्जातली, तंतुवाद्यांची गाणी जास्त आली. ती छान होती, म्हणून मी ती पूर्ण ऐकली. तेही टिपलं गेलं. दोन महिन्यांत माझ्या संध्याकाळी एकाच रंगाच्या झाल्या. पाणी उताराकडे जातं आणि गेलेल्या पाण्याने उतार आणखी खोल होतो, तसं. लहानपणी पाठ केलेली बडबडगीतं, लग्नातली बँडची रेकॉर्डिंग, ढोलकीची सवाल-जवाबं, कॉलेजात वेड लावलेला रॉक, यातलं काहीच येईना. ती गाणी मला आवडेनाशी झाली नव्हती. ती त्या दोन महिन्यांतल्या मला शोभत नव्हती, एवढंच. आणि यादीला तेवढीच मी ठाऊक होते. हा संग्रह तर गेल्या पंचवीस वर्षांत मी जी जी होते, त्या सगळ्याजणींनी जमवलेला आहे; त्यातल्या काहीजणी तर आज ओळखूही येत नाहीत. त्यांनी ठेवलेलं गाणं वाजतं, तेव्हा त्यांच्याशी बोलणं होतं. हे मला सोडायचं नाही.

आणखी एक अडचण आहे, ती फक्त स्वतः जमवलेल्या संग्रहाची. यादीला नावं लागतात. माझ्याकडे एकाच गायकाचं नाव कुठे देवनागरीत आहे, कुठे रोमन लिपीत, कुठे पंडित लावून, कुठे आद्याक्षरांवर. माणसाला तो एक गायक दिसतो, यंत्राला चार. आणि त्या चारांपैकी तिघांविषयी त्याच्याकडे काहीच माहिती नाही. ज्या गाण्याला नावच नाही, त्याच्याबद्दल तर जगातल्या कुठल्याच श्रोत्याचं काही नोंदलेलं नसतं. माणसांवरून जाणाऱ्या वाटेवर ते गाणं लागतच नाही.

माझ्याकडे असं एक गाणं आहे. फाइलचं नाव ट्रॅक 07. गायक, वादक, अल्बम, साल, सगळे रकाने कोरे. जपलेल्या शफलच्या पहिल्याच फेरीत, एका संध्याकाळी भांडी आवरताना ते लागलं. सारंगी. सुरुवातीला कोणीतरी हलकेच खाकरतं, मग तार जुळवल्याचा एक आवाज, आणि मग एकदम तो सूर. हातातलं पातेलं खाली ठेवून मी पुसलेल्या बोटाने स्क्रीन उजळली. संग्रहात आल्याची तारीख 2009 ची. किती वेळा वाजलं, त्या रकान्यात 0. अकरा वर्षं ते माझ्या घरात होतं आणि मी ते एकदाही ऐकलं नव्हतं. कोणी दिलं, आठवत नाही. सहा मिनिटं आणि काही सेकंदांचं आहे; शेवट मध्येच तुटतो, बहुधा कॅसेटची बाजू संपली असावी.

दुसऱ्या दिवशी मी त्या वेळच्या माझ्या ॲपला सांगितलं, की ट्रॅक 07 सारखी गाणी काढून दे. थोडा वेळ ते गोल चक्र फिरलं आणि खाली ओळ आली, की या गाण्यावरून यादी करण्याइतकी माहिती उपलब्ध नाही.

तो वादक कोण हे मी तीन जाणत्या माणसांना ऐकवून विचारलं. तिघांनी तीन नावं सांगितली. म्हणून नावाचा रकाना मी अजून कोराच ठेवला आहे. आता चौथी फेरी चालू आहे, 4100 च्या पुढे गेले आहे, आणि ट्रॅक 07 अजून यायचं आहे.